सेल भरलेला नसताना चार्जर ‘फुल’ का म्हणतो?

आयमॅक्स बी६ किंवा त्याच्या घाटाच्या कुठल्याही प्रोग्रॅमेबल चार्जरवर सुटा १८६५० सेल (टॉर्च, लॅपटॉपमधला लिथियमचा गोल सेल) लावला की दोन तक्रारी ठरलेल्या. एक, थोड्या वेळात ‘फुल’ आलं, पण सेल टॉर्चमध्ये घातल्यावर लगेच बसला. दुसरी, चार तास झाले तरी चार्जिंग संपत नाही, करंट नुसता रेंगाळतोय. दोन्ही वेळा लोक आधी सेलला बदनाम करतात, मग चार्जरला. दोष पुष्कळदा त्या दोघांच्या मधे असतो: होल्डरची स्प्रिंग, केसासारखी वायर, नाहीतर मेनूमधली एखादी सेटिंग. म्हणून सेल भंगारात टाकण्याआधी पुढचं सगळं तपासा. साधा मल्टिमीटर पुरतो.

सुरुवात मोडपासून, कारण तिथे एक मिनिटही लागत नाही. बी६ मध्ये लायपो (लिथियम पॉलिमर) मोड प्रत्येक सेल ४.२० व्होल्टपर्यंत नेतो, लाय-आयन (लिथियम आयन) मोड ४.१० पर्यंत आणि लायफे (लिथियम आयर्न फॉस्फेट) मोड ३.६० पर्यंत. नाव वाचून सगळे लाय-आयन निवडतात आणि सेल कधीच पूर्ण भरत नाही, साधारण दहा टक्के क्षमता वापरात येत नाही. लाय-आयनचे सुरुवातीच्या पिढीचे सेल ४.१० व्होल्टवर थांबवायचे असत, मोड त्या काळातला. आजचे नेहमीचे सेल, म्हणजे सॅमसंग २५आर, ३०क्यू, एलजी एचजी२, पॅनासोनिक एनसीआर१८६५०बी, हे सगळे ४.२० चे आहेत. त्यांना लायपो मोड बिनधास्त लावा. अर्थात सेल जास्त वर्षं टिकवायचा असेल तर ४.१० वर थांबणं चांगलंच, पण मग ‘क्षमता कमी भरते’ अशी तक्रार करायची नाही.

पडद्यावर ३.६० ला ‘फुल’ येत असेल तर मोड लायफेवर राहिलाय. उलटी चूक मात्र महागात पडते. सोलर दिव्यांमधून निघणारे ३२६५० सेल बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेटचे, ३.२ व्होल्टचे असतात. ते लायपो मोडवर लावले तर ३.६५ च्या पुढे ढकलले जातात आणि खराब होतात. सेलवर ३.२ छापलेलं असेल तर लायफे, ३.६ किंवा ३.७ असेल तर लायपो. काही नव्या चार्जरमध्ये ४.३५ व्होल्टचा हाय व्होल्टेज मोड असतो, तो साध्या १८६५० ला कधीही नाही.

आता टायमर. बी६ चा सेफ्टी टायमर कारखान्यातून १२० मिनिटांवर लावून येतो आणि क्षमतेची मर्यादा ५००० एमएएचवर (मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप). ३००० एमएएचचा रिकामा सेल १ अँपिअरने भरायला साडेतीन तासांच्या आसपास लागतात. दोन तासांनी चार्जर टाइम लिमिट दाखवून थांबतो, पिपाणी वाजवतो, आणि आपण आवाज ऐकून सेल झाला म्हणून काढून घेतो. सेल तेव्हा साठ-पासष्ट टक्क्यांवर असतो. अनेक सेल जोडून केलेला मोठा पॅक असेल, समजा १०,००० एमएएचचा, तर ५००० ची मर्यादा त्याला बरोबर अर्ध्यात थांबवते. टायमर बंद करू नका, तो कामाचा आहे. क्षमता भागिले करंट, त्यात दीड तास मिळवून आकडा ठेवा. क्षमतेची मर्यादा छापील क्षमतेच्या वीस टक्के वर ठेवा.

स्टार्टचं बटण नुसतं दाबून काही होत नाही, दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं. याला बिघाड समजून चार्जर परत पाठवणारे आहेत.

आता खरा मुद्दा. लाय-आयनचं चार्जिंग दोन टप्प्यांत होतं. आधी ठरलेला करंट चालू राहतो आणि व्होल्टेज चढत जातं. ४.२० गाठलं की व्होल्टेज तिथेच धरून ठेवतात आणि करंट उतरत जातो. बी६ लावलेल्या करंटच्या एक दशांशावर आला की थांबतो. ‘फास्ट चार्ज’ निवडला तर एक पंचमांशावरच थांबतो, म्हणजे शेवटचा हिस्सा भरतच नाही. हे सगळं नीट चालतं ते एका गृहीतकावर: चार्जरला त्याच्या तोंडाशी जे व्होल्टेज दिसतं, तेच सेलच्या टोकांवर आहे. होल्डर मधे आला की ते गृहीतक कोसळतं.

मोजायची सोपी रीत आहे. चार्जिंग बरोबर १ अँपिअरवर लावा. मीटर २००० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवा. लाल प्रोब चार्जरच्या प्लस बनाना पिनच्या (चार्जरमध्ये खुपसायच्या जाड पिनच्या) धातूला, काळा प्रोब सेलच्या प्लस टोपीला, होल्डरच्या पट्टीला नव्हे, थेट सेलला. करंट १ अँपिअर आहे, म्हणून जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिओहम त्या वाटेत आहेत. मग हेच मायनस बाजूला: काळा प्रोब चार्जरच्या मायनसला, लाल सेलच्या बुडाला. काळ्या प्लास्टिकच्या स्वस्त होल्डरमध्ये प्लस बाजूला ३० ते ५० आणि स्प्रिंगच्या बाजूला १०० ते १५० असे आकडे सहज येतात. क्रोकोडाइल क्लिपा लावल्या असतील तर क्लिप जरा हलवून पाहा. आकडा नाचला तर क्लिप आणि वायरचा जोड नुसता चिमटलेला आहे, डाग दिलेला नाही.

समजा प्लस बाजूला ३८ आणि मायनस बाजूला १४२ आले. एकूण १८० मिलिओहम. आता करंट दीड अँपिअर केला की वाटेत ०.२७ व्होल्ट पडतात. चार्जरला ४.२० दिसतात तेव्हा सेलवर ३.९३ असतात. सेल निम्म्याहून थोडा अधिक भरलेला असतानाच करंट उतरायला लागतो, आणि मग तास-तासभर रेंगाळतो. करंट जसा कमी होईल तशी ही तूटही कमी होते. १५० मिलिअँपिअरवर ती फक्त २७ मिलिव्होल्ट उरते, म्हणून पूर्ण वेळ दिला तर सेल ४.१७ पर्यंत जातोच. पण मधेच टायमर संपला, किंवा फास्ट चार्जने ३०० मिलिअँपिअरवरच सोडून दिलं, तर सेल अर्धवटच हातात येतो. म्हणजे ‘फार वेळ लागतो’ आणि ‘लवकर फुल येतं’ या दोन उलट्या तक्रारींचं मूळ एकच.

पडद्यावरच्या आकड्यावरूनही हे कळतं. बॅलन्स लीड (पॅकमधल्या प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं दाखवणारी बारीक वायरींची जोडणी) नसताना स्टार्ट केल्या क्षणी व्होल्टेज ०.१० ते ०.१५ पेक्षा जास्त उसळलं, आणि स्टॉप केल्यावर तितकंच झटकन खाली आलं, तर वाटेत किंवा सेलच्या पोटात रोध आहे. कुठे आहे ते वरच्या मिलिव्होल्टच्या मोजणीतून ठरतं. वाटेचा आकडा छोटा आणि उसळी मोठी असेल, तर सेलच म्हातारा झालाय. चांगल्या १८६५० चा स्वतःचा रोध साधारण ३० ते ६० मिलिओहम असतो. १५० च्या पुढे गेलेला सेल पॉवर बँकेत किंवा ड्रिलमध्ये घालायच्या लायकीचा नाही, कमी करंटच्या कामापुरता ठीक.

होल्डर सुधारायचा असेल तर स्प्रिंगमधून करंट नेऊच नका. १८ गेजची सिलिकॉन वायर स्प्रिंगच्या सेलकडच्या वेटोळ्याला डाग देऊन थेट बाहेर काढा. स्प्रिंगचं काम फक्त दाबून धरण्याचं. याहून बरं म्हणजे रुंद पितळी पट्ट्यांचा होल्डर घेणं, थोडे पैसे जास्त जातात, पण डोक्याचा ताप जातो. होल्डरबरोबर येणाऱ्या लाल-काळ्या बारीक वायरी पहिल्या दिवशीच कापून टाका. कोकणात पावसाळ्यात या पट्ट्यांवर हिरवट थर बसतो, तो बारीक सॅंडपेपरने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. सेलच्या टोपीवर मात्र सॅंडपेपर मारू नका, निकेलचा थर गेला की तिथेच गंज धरतो, तिला नुसतं अल्कोहोल पुरे. चुंबकांनी वायर चिकटवण्याची एक पद्धत व्हिडिओंमुळे फार पसरली आहे. चुंबक घसरून सेलच्या कडेला टेकला की प्लस आणि मायनस यांच्यात फक्त पातळ प्लास्टिकचं आवरण उरतं. ती पद्धत सोडून द्या. सेलवर थेट डाग देणंही नको, आतलं सील आणि विभाजक पडदा उष्णतेने खराब होतात. कायमची जोडणी हवी असेल तर निकेल पट्टी स्पॉट वेल्ड करून घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीत हे सामान मिळतं.

जोडताना क्रम पाळा: आधी बनाना पिना चार्जरमध्ये, मग सेल. उलट केलं तर दोन उघड्या पिना टेबलावर एकमेकींना भिडायची वाट बघत असतात.

होल्डर ठीक आहे, तरी चार्जर ४.२० म्हणतो आणि मीटर ४.१६, तर दोघांपैकी खोटं कोण? लगेच चार्जरला दोष देऊ नका. साध्या मीटरची अचूकता अर्धा टक्का अधिक दोन अंक असते. २० व्होल्टच्या रेंजवर ४.२० चा अर्धा टक्का म्हणजे २१ मिलिव्होल्ट आणि शेवटचे दोन अंक म्हणजे २० मिलिव्होल्ट. एकूण ४१ मिलिव्होल्टची सूट मीटरलाच दिलेली आहे. म्हणजे ४० मिलिव्होल्टच्या फरकावरून भांडण सोडवता येत नाही, त्याला बरा मीटर किंवा व्होल्टेज रेफरन्सची छोटी पाटी लागते. खात्रीच्या मीटरवर चार्जर ४.२५ च्या पुढे नेताना दिसला तर मात्र तो वापरायचा थांबवा. नकली बी६ मध्ये असे नमुने निघतात.

चार्ज संपल्यावर ४.२० चे तासाभरात ४.१७-४.१८ होणं नैसर्गिक आहे. दुसऱ्या दिवशी ४.०५ दिसले तर सेल आतून गळतोय. भंगारातल्या लॅपटॉप बॅटऱ्यांमधून काढलेल्या सेलांची परीक्षा अशीच घ्यावी: पूर्ण भरा, अंगावर तारीख आणि व्होल्टेज मार्करने लिहा, दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. एकाच घाणातल्या इतर सेलांपेक्षा जो ५०-६० मिलिव्होल्ट जास्त उतरला असेल तो बाजूला. क्षमता कितीही छान दाखवत असला तरी पॅकमध्ये तोच पुढे सगळ्यांचा तोल बिघडवतो.

क्षमता मोजताना चार्ज करताना दिसलेला एमएएच धरू नका, सेल किती रिकामा होता ते त्यात कळत नाही. पूर्ण भरा, तासभर थांबा, मग ०.५ अँपिअरने ३.० व्होल्टपर्यंत डिस्चार्ज करा आणि तो आकडा धरा. बी६ ची डिस्चार्जची ताकद फक्त ५ वॉट आहे. एका सेलला १ अँपिअर जेमतेम जमतो, पण चार सेलांच्या पॅकला लावलेल्या १ अँपिअरचे प्रत्यक्षात ०.३ होतात. हा बिघाड नाही. चार्जिंगलाही ५० वॉटची मर्यादा आहेच: सहा सेलांचा पॅक २५.२ व्होल्टला २ अँपिअरच्या वर जात नाही, मेनूत ५ लिहिलं तरी. ९९०० एमएएच छापलेल्या सेलवर तर वेळच घालवू नका. नामांकित कंपन्यांचे दुकानात मिळणारे १८६५० साधारण ३५०० च्या घरात थांबतात आणि वजनाला ४५ ते ५० ग्रॅम भरतात. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सेल ३५ ग्रॅम निघाला की निकाल लागला.

आता ‘लो व्होल्टेज’. सेल फार उतरलेला असला की चार्जर हात लावायला तयार होत नाही. आधी पाहा की सेल प्रोटेक्टेड आहे का, म्हणजे फार उतरल्यावर वाट तोडणारी पाटी त्याला आहे का. त्याची लांबी ६५ ऐवजी ६८ ते ७० मिलिमीटर असते, बुडाशी छोटी गोल पाटी असते. पाटीने तोडलेला सेल बाहेरून शून्य दाखवतो, पण आत २.४ च्या आसपास व्होल्टेज असू शकतं. बेंच सप्लायवर (व्होल्टेज आणि करंट हवा तसा लावता येणारा पॉवर सप्लाय) ४.२ व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअरची मर्यादा लावून काही सेकंद जोडलं की बहुतेक पाट्या जाग्या होतात.

प्रोटेक्शन नसलेल्या सेलवर खुद्द २.० ते २.८ व्होल्ट असतील तर त्याच सप्लायवर १०० मिलिअँपिअरने ३.० पर्यंत आणा, मग चार्जर त्याला ओळखतो. सप्लाय नसला की लोक बी६ च्या एनआयएमएच (निकेल सेलांच्या) मोडवर ०.१ अँपिअर लावून हे काम करतात. होतं, पण त्या मोडला ४.२० ची कल्पनाच नसते, तो व्होल्टेज घसरण्याची वाट पाहत ढकलत राहतो. ते करायचंच असेल तर मीटर सेलवर लावून समोर बसायचं आणि ३.० दिसताक्षणी स्टॉप. फोन आला म्हणून उठायचं असेल तर आधी सेल काढा.

२.० च्या खाली आठवडे-महिने पडून राहिलेला सेल मात्र जिवंत करू नका. इतक्या खाली अॅनोडमागची तांब्याची पत्री इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळते आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको तिथे जमून आत शॉर्ट तयार करतं. असा सेल कधी कधी व्यवस्थित भरतोही, म्हणूनच तो फसवा. ओळखायची खूण: व्होल्टेज ४.२० ला पोहोचतं, करंट उतरतो, पण २००-३०० मिलिअँपिअरवर अडून बसतो आणि सेल कोमटाचा गरम होऊ लागतो. करंट कमी आणि उष्णता जास्त, ही जोडी दिसली की स्टॉप दाबा, सेल काढून बाहेर फरशीवर ठेवा.

पॅकवर ‘कनेक्शन ब्रेक’ किंवा बॅलन्सची एरर आली तर बॅलन्स कनेक्टरच्या पिना मोजा. तीन सेलांच्या पॅकला चार पिना. काळा प्रोब मायनसच्या टोकाच्या पिनवर ठेवून पुढे सरका: ३.९, ७.८, ११.७ असे चढते आकडे हवेत. ३.९, ३.९, ११.७ आले तर मधली वायर तुटून भलतीकडे जोडलेली आहे. आकडे बरोबर असून एरर येत असेल तर कनेक्टरच्या आतली पिन मागे सरकलीय का पाहा. पॅकला आतून बीएमएस (सेलांवर लक्ष ठेवणारी संरक्षक पाटी) असेल तर अजून एक शक्यता: एक सेल वर गेला की बीएमएस वाट तोडतो आणि चार्जरला वाटतं पिन निसटली. तिथे चार्जर दहादा रीस्टार्ट करून उपयोग नाही, मागे राहिलेला सेल शोधून त्याला एकट्याला भरावं लागतं.

बॅलन्स चार्जला रात्र लागते याचंही कारण हिशेबात आहे. बी६ प्रत्येक सेलवरून फार तर ३०० मिलिअँपिअर वळवू शकतो. तीन सेलांच्या पॅकमध्ये चार-चार सेल समांतर असतील आणि एक गट १००० एमएएचने पुढे असेल, तर तीन तासांहून जास्त वेळ नुसतं तेवढंच चालतं. पॅक बांधण्याआधी सगळे सेल एका व्होल्टेजवर आणणं म्हणून गरजेचं. आणि सुटे सेल जोडून केलेला पॅक साध्या ‘चार्ज’ मोडवर कधीही लावू नका, तिथे चार्जर फक्त बेरीज बघतो. १२.६० मध्ये ४.३५, ४.१५ आणि ४.१० ही बेरीजही बसते.

स्टार्टनंतर पडद्यावर आर आणि एस असे दोन आकडे येतात: आर म्हणजे चार्जरने ओळखलेले सेल, एस म्हणजे तुम्ही सांगितलेले. अगदी उतरलेला तीन सेलांचा पॅक ८.३ व्होल्ट दाखवला तर चार्जर दोन समजू शकतो. दोन्ही आकडे जुळत नसतील तर एंटर दाबू नका, सेल हाताने मोजा.

तापमानाचं भान आपल्याकडे ठेवावंच लागतं. बहुतेक सेलांना चार्जिंगसाठी ० ते ४५ अंशांची मर्यादा असते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात दुपारी खोलीच ४० च्या पुढे असते, तिथे पहाटे किंवा रात्री चार्ज करा आणि करंट अर्धा ठेवा. उलट न्यू जर्सी किंवा टोरांटोच्या गॅरेजमध्ये जानेवारीत शून्याखाली चार्ज केलं तर अॅनोडवर धातूरूप लिथियम जमतं, ते परत जात नाही. सेल आधी घरात तासभर ठेवा.

अॅडॅप्टरचा दोष एका सेलला क्वचितच असतो, दीड अँपिअरला १२ व्होल्टच्या बाजूने एक अँपिअरही लागत नाही. चार सेल ३ अँपिअरने भरताना मात्र आत ५ अँपिअर लागतात. तेव्हा ‘१२ व्होल्ट ५ अँपिअर’ असं नुसतं छापलेला अॅडॅप्टर ११ च्या खाली बसतो आणि इनपुटची एरर येते. वीज जाऊन परत आली की बी६ मेनूवर येऊन थांबतो, चार्जिंग आपोआप पुढे चालू होत नाही. लोडशेडिंगच्या भागात रात्रभर लावलेला सेल सकाळी अर्धाच भरलेला दिसला तर आधी शेजाऱ्याला विचारा, रात्री लाइट गेली होती का.

बाद केलेले सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. दोन्ही टोकांवर इन्सुलेशन टेप लावा आणि झाकण नसलेल्या मातीच्या कुंडीत वेगळे ठेवा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सेल भंगारवाल्याला न देता ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्या. भंगारात तो हातोड्याखाली येतो, आणि आत थोडा चार्ज उरलेला असेल तर पेटतो.